पाव फेरा जास्त

माझा कुणावर विश्वास बसत नाही. भाजीवाल्याने वजन केलं की मी घरी येऊन काट्यावर पुन्हा करते. शिंप्याने उद्या या म्हटलं की मी परवा जाते, आणि तरीही झालेलं नसतं. माझा नवरा सुहास म्हणतो, "वैजू, तू देवळात गेलीस तरी देव जागेवर आहे का ते आधी बघशील." म्हणू दे त्याला. सरकारने बोल्टवाचकांची भरती काढली तेव्हा अख्ख्या कराड तालुक्यात पहिला नंबर माझा आला, तो काही उगाच नाही.

बोल्ट वाचायचा म्हणजे काय, ते आधी सांगते, कारण लोकांना वाटतं यात काहीतरी जादूटोणा आहे. पोलादाच्या आत चुंबकाचे बारीक कप्पे असतात, डोळ्याला न दिसणारे. बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो. केसाच्या जाडीइतकाच, पण ताणला जातो. त्यासरशी ते कप्पे आपली तोंडं फिरवतात. पुढे बोल्ट सैल केला तरी सगळे कप्पे जागेवर परत येत नाहीत, काही हट्टाने तसेच बसून राहतात. पुन्हा आवळला की त्यावर दुसरा थर. म्हणजे प्रत्येक बोल्ट आपल्याला कुणी, कधी, किती छळलं ते पोटात ठेवून असतो.

हे शास्त्रज्ञांना आधीपासून ठाऊक होतं. नवं काय झालं, तर साबणाच्या वडीएवढं एक यंत्र निघालं, जे हे थर एकेक सोलून वाचतं. किती जोराने आवळलं, किती झटक्यांत, हाताने की मशीनने, सगळं सांगतं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की पाना ओढायची प्रत्येकाची लय वेगळी असते. कुणी एका दमात ओढतो, कुणी दोनदा ओढून थांबतो. ही लय सहीसारखी असते आणि वय झालं तरी फारशी बदलत नाही. झालं, तीन वर्षांपूर्वी कायदाच आला. प्रत्येक दुचाकी मिस्त्रीने आपला हात नोंदवायचा, माझ्यासारख्या वाचकांनी त्यांची कामं तपासायची, आणि त्यावरून प्रत्येक गॅरेजच्या दारावर दहापैकी एक आकडा लागायचा. त्याला म्हणतात विश्वासांक. पाचाच्या खाली गेलात की सुनावण्या, आणि शेवटी परवाना बंद.

पूर्वी मिस्त्री निवडायचा तर लोक काय काय करायचे. ब्रेकच्या पट्टीला नेलपॉलिशचा ठिपका लावून गाडी टाकायची आणि परत आल्यावर ठिपका गेला का बघायचं. बदललेले पार्ट पिशवीत मागून घ्यायचे. मीही केलंय हे सगळं. आता लोक दारावरचा आकडा बघतात आणि किल्ली देतात.

तर गोष्ट अशी की आमच्या ओजूला, म्हणजे ओजस्वीला, नोकरी लागली. कोयनेच्या जंगलात बिबट्यांचे फोटो काढणारे कॅमेरे लावलेत, ते तपासत हिंडायचं. सोमवारी हजर व्हायचं होतं. आत जंगलात गाडी चार्ज करायची सोय नाही, त्यामुळे पेट्रोलची गाडी हवी, आणि रस्ता कुंभार्ली घाटाचा. पोरगी म्हणाली, "बाबांची गाडी आहे की परसात."

होती. ताडपत्रीखाली, अकरा वर्षं. मीच झाकून ठेवली होती.

अकरा वर्षांपूर्वी त्याच घाटात, उतारावर, त्या गाडीच्या पुढच्या ब्रेकचा जबडा धरून ठेवणारा बोल्ट तुटला. सुहास कठड्यावर आदळला. वाचला, पण उजवा गुडघा कायमचा सरळ झाला. आज तो शाळेत चित्रकला शिकवतो ते स्टुलावर पाय लांब करून. गाडी त्याच्या आधी महिनाभरच सर्व्हिसिंग करून आणली होती, इलाही मुल्लाकडून. इलाहीभाऊजी हा सुहासचा शाळेपासूनचा दोस्त, ओगलेवाडीच्या रस्त्याला त्यांचं छोटं गॅरेज. मी त्यांच्यावर तक्रार केली. सुहास नको म्हणत होता, तरी केली. तेव्हा बोल्ट वाचता येत नव्हते, त्यामुळे काही सिद्ध झालं नाही, पण तक्रार कागदावर राहिली. कायदा आल्यावर जुन्या तक्रारीही आकड्यात धरल्या गेल्या, आणि इलाहीभाऊजींच्या दारावर चार पॉइंट एक लागला. आणि ओजूच्या सोमवारच्या आधीच्याच शुक्रवारी त्यांची शेवटची सुनावणी होती. त्यानंतर दुकान बंद.

"आई, आपण इलाहीकाकांकडेच टाकू," ओजू म्हणाली. तिला लहानपणी त्यांनी टाकीवर बसवून फिरवलेलं, ते तिच्या डोक्यातून जात नाही.

"उचलली जीभ लावली टाळ्याला. बापाचा पाय बघ आणि मग बोल."

"मग निदान वाचून तरी बघ ना. रोज जगाचे बोल्ट वाचतेस, घरातला नाही वाचलास."

खरं म्हणजे तीन वर्षं मी ताडपत्री उचलायला धजले नव्हते.

बुधवारी आम्ही गाडी टेम्पोत घालून मगदूमांच्या गॅरेजमध्ये नेली. विश्वासांक नऊ पॉइंट सहा, जिल्ह्यात पहिला. फरशी अशी की आपण चप्पल बाहेर काढावी. अभिनंदन मगदूम स्वतः आले, पांढरा शर्ट, एक डाग नाही.

"मॅडम, काही काळजी करू नका. आम्ही सगळं उघडतो. एकशे बारा बोल्ट, एकेक मापात आवळून देतो. रविवारी गाडी न्या."

ओजूने विचारलं, "पण बिघडलंय काय नक्की?"

"ते उघडल्यावर कळेल."

"ज्याला काही झालेलं नाही तेही उघडणार?"

मगदूम हसले. "ताई, न उघडलेल्या बोल्टाचा मार्क कुठे मिळतो?"

माणूस खोटं बोलत नव्हता. आकडा तसाच निघतो, मापात आवळलेले बोल्ट मोजून. हे मला ठाऊक होतं, पण त्यात काही चमत्कारिक आहे असं त्या क्षणापर्यंत कधी वाटलं नव्हतं.

पुढच्या चाकापाशी, ब्रेकच्या जागी, तुटलेल्या बोल्टाचा अर्धा तुकडा अजून आतच रुतलेला होता. मगदूमांनी ड्रिल उचललं. "हा काढून फेकतो आधी."

"थांबा," मी म्हटलं. "वाचून घेते."

माझ्या मनात काय होतं ते सांगते, लपवायचं कशाला. मला पुरावा हवा होता. शुक्रवारी सुनावणीत तो टेबलावर आपटायचा आणि इलाही मुल्लाचा विषय एकदाचा संपवायचा. अकरा वर्षांचा राग होता, तो काही लहान नसतो.

यंत्र लावलं. अर्ध्या मिनिटात अहवाल आला. बोल्ट मर्यादेपलीकडे ताणलेला. शेवटचा हात: इलाही मुल्ला.

"सापडला बघा," मगदूम मागून वाकून म्हणाले. मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. ओजू मात्र खाली वाकून पडद्याकडे बघत राहिली. "आई, ही शेवटची ओळ कसली?"

अगदी तळाला, बारीक अक्षरात होतं: एक थर वगळला. वाचकाचा हात.

आता हे समजून घ्या. वाचकाला तपासताना कधी कधी बोल्ट उघडून परत लावावा लागतो. आपलाच हात मिस्त्रीच्या नावावर चढू नये म्हणून आम्ही रोज सकाळी एक नमुन्याचा बोल्ट आवळून यंत्राला आपला हात ओळखीचा करून देतो, आणि यंत्र तो हात हिशोबातून गाळतं. सोय चांगली आहे. पण या बोल्टाला मी कधी हात लावला होता? गाडीवर ताडपत्री होती अकरा वर्षं.

"यंत्राचा घोटाळा आहे," मी म्हटलं. पुन्हा वाचलं. तेच. नमुन्याचा बोल्ट आवळून यंत्र नव्याने लावून घेतलं आणि तिसऱ्यांदा वाचलं. तेच.

"काय झालं मॅडम?"

"काही नाही. बॅटरी उतरलीय." खोटं बोलले मी. गाडी परत टेम्पोत चढवायला लावली. मगदूमांना काही कळेना.

घरी आल्यावर ओजू म्हणाली, "तो वगळलेला थर उघडता येतो का?"

"येतो. वाचकाने अंगठा लावला तर."

तिने यंत्र माझ्यापुढे धरलं. मी अंगठा लावला.

खालचा थर इलाहीभाऊजींचा, त्याच्याखाली काही नाही, म्हणजे बोल्ट त्या सर्व्हिसिंगला नवाच घातलेला. जोर बरोबर मापात, दोन झटके, मग थोडं थांबून तिसरा, हलका. त्याच्यावर दुसरा थर, एकच झटका, मापाच्या खूप वर. वैजयंती माने.

मी पायरीवर बसले. खरं सांगायचं तर मला आठवलं होतं, मगदूमांच्या फरशीवरच आठवलं होतं. सर्व्हिसिंगहून गाडी आली आणि सुहास अंघोळीला गेला की मी पाना घेऊन परसात जायची. पुढचे बोल्ट, मागचे बोल्ट, प्रत्येकाला पाव फेरा जास्त. मिस्त्रीने काय केलंय कुणास ठाऊक, आपला हात फिरलेला बरा. घरातले नळसुद्धा मी असेच आवळते, दर दोन महिन्यांनी वायसर बदलावा लागतो. मला वाटायचं मी त्याला जपतेय.

बोल्ट धरतो कशामुळे, तर तो ताणलेला असतो आणि परत आखडायला बघत असतो. त्याच ताणाने दोन भाग एकमेकांना घट्ट राहतात. पण मर्यादेपलीकडे ताणला की आखडायची ओढच संपते. मानेशी बारीक होतो, आणि मग प्रत्येक ब्रेकला थोडा थोडा तुटत जातो. हे मी दर महिन्याला नव्या मिस्त्र्यांना शिकवते. फळ्यावर चित्र काढून.

तरी माझा स्वभाव बघा. मला अजून खात्री करायची होती. बोल्टात आवळल्याच्या थरांखेरीज आणखी काही सापडतं: प्रत्येक ब्रेकचा बारीक हिसका. इलाहीभाऊजींच्या थराच्या आणि माझ्या थराच्या मध्ये असे चौदा हिसके होते. माझ्यानंतर सहाशे अकरा, आणि मग तुटला. म्हणजे दुकानातून निघाल्यावर चौदा वेळा ब्रेक लागला आणि गाडी माझ्या हातात आली.

गुरुवारी सकाळी मी माझी स्कूटर काढली आणि ओगलेवाडीच्या रस्त्याला गेले. इलाहीभाऊजी दारात बसून कार्बोरेटर साफ करत होते. त्यांनी मान वर केली, मला बघितलं आणि परत खाली घातली. मी तिथून वळले आणि घरापर्यंत ब्रेक मोजत आले. तेरा. वळणं, चौक, मारुतीच्या देवळापाशी म्हशी, सगळे धरून तेरा. एका क्षणापुरती मला आशा वाटली. मग आठवलं की तेव्हा गोदामापाशी एक गतिरोधक होता, पुढे रस्ता रुंद करताना काढला. चौदा.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. कुणाला काही कळलं नसतं. वगळलेला थर पुन्हा झाकला आणि अहवाल तसाच पाठवला, तर यंत्रानेच इलाही मुल्लाला दोषी ठरवलं असतं, आणि यंत्रावर कोण संशय घेतो? बटण अंगठ्याखाली होतं. विचार आला नाही असं म्हणणार नाही. दुपारभर आला.

सुहास शाळेतून आल्यावर मी त्याला सांगितलं. चहासुद्धा दिला नाही, आधी सांगितलं. मला वाटलं ओरडेल. तो आपल्या गुडघ्याकडे बघत बसला, मग म्हणाला, "पायाचं काही नाही गं. पाय गेला तो गेला. पण अकरा वर्षं मी इलाहीच्या दुकानावरून जाताना मान फिरवली. त्याची आई गेली तेव्हाही गेलो नाही." आणि रडायला लागला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, मी त्याला दुसऱ्यांदाच रडताना पाहिलं. मला माझीच लाज वाटली, इतकी की त्याच्या पाठीवर हात ठेवायचाही धीर होईना.

"चल," तो उठून म्हणाला.

"कुठे?"

"कुठे काय, त्याच्याकडे."

आम्ही गेलो तेव्हा इलाहीभाऊजी हात धूत होते. सुहासला काठीवर रेलून येताना बघून त्यांनी आधी स्टूल पुढे सरकवलं, फडक्याने पुसलं, आणि मग आमच्याकडे बघितलं. मी बसले नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. यंत्र, थर, चौदा ब्रेक.

त्यांनी ऐकून घेतलं. "मला माहीत होतं, वहिनी."

"काय माहीत होतं?"

"गाडी घाटातून उचलून मीच आणली होती ना. तुकडा बघितला, मान बारीक झालेली. मी आवळलेला बोल्ट तसा होत नाही."

"मग बोलला का नाहीत?" माझा आवाज चढला. म्हणजे बघा, चूक माझी आणि आवाजही माझाच.

"तुम्ही दवाखान्यात बाकावर बसला होता. तीन दिवस जेवला नव्हता. तिथं येऊन बोल्टाचं सांगू व्हय?"

"आणि नंतर? तक्रार केल्यावर?"

त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं. "नंतर राग आला. खोटं कशाला बोलू. म्हटलं, आता मी सांगणार नाही. हिला तिचं तिला कळू दे. वाटलं, वर्षभरात कळेल."

सुहास म्हणाला, "इलाही, मी यायला पाहिजे होतं."

"पाहिजे होतं," ते म्हणाले, आणि चहा सांगायला गेले. आम्ही तिघांनी चहा प्यायला. गाडीचा विषय मी काढला नाही. कुठल्या तोंडाने काढणार.

शुक्रवारी अकरा वाजता परवाना कक्षात सुनावणी. अधिकारी कुंभोजकर मॅडम, मला चांगल्या ओळखतात, दर वर्षी माझा सत्कार त्यांच्याच हस्ते होतो. इलाहीभाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. त्यांनी एकच विचारलं, साडेबाराच्या आत संपेल ना, नमाजाला जायचंय.

मी उघडा अहवाल टेबलावर ठेवला. कुंभोजकर मॅडमनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला. "माने, हा हात तुमचा?"

"माझा."

"तुम्हाला कळतंय ना? अपघाताच्या बोल्टावर वाचकाचा हात निघाला तर चौकशी होईपर्यंत तुमचा परवाना जातो. आणि चौकशीत काय होईल ते तुम्हीच मला सांगाल."

"कळतंय."

"मुल्ला, मग तुमच्यावरची तक्रार रद्द होते. या नोंदीला तुमची काही हरकत?"

मला वाटलं आता ते नाही म्हणतील आणि आम्ही सुटू. ते उठून उभे राहिले. "आहे."

खोलीत सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. मीही.

"मॅडम, सुहास मला दर सर्व्हिसिंगला सांगायचा. तू आवळतोस आणि घरी वैजू परत आवळते. आम्ही दोघं हसायचो. जास्त आवळला की बोल्ट तुटतो हे मला ठाऊक होतं. वहिनींना नव्हतं, तेव्हा त्या या कामात नव्हत्या. एक दिवस घरी जाऊन सांगायला मला पाच मिनिटं लागली असती. गेलो नाही. मिस्त्री मी होतो. अर्धं माझ्या नावावर लिहा."

"अर्धं लिहिता येत नाही. या रकान्यात एकच नाव बसतं."

"ते तुमचं तुम्ही बघा."

"मुल्ला, तुमचं नाव राहिलं तर तक्रार राहील. तक्रार राहिली तर आकडा पाचाच्या वर जात नाही. दुकान आजच बंद होईल."

"होय, माहितेय," ते म्हणाले आणि खाली बसले.

मी आजवर पाच हजारांवर बोल्ट वाचलेत. कुणाचा हात कसा आहे ते मला झोपेतही सांगता येतं असं मी लोकांना ऐकवायची. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेला माणूस मला अकरा वर्षांत वाचता आला नव्हता. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

कुंभोजकर मॅडमनी पेन उचललं. त्यांनी रकान्यात माझं नाव घातलं, आणि खाली शेऱ्याच्या जागेत इलाहीभाऊजींचं बोलणं शब्दाला शब्द, हाताने लिहिलं. त्यावर दोघांच्या सह्या घेतल्या. पडद्यावर चार पॉइंट एकचे सात पॉइंट दोन झाले. माझं ओळखपत्र मी गळ्यातून काढून टेबलावर ठेवलं.

बाहेर जिन्यात मी त्यांना गाठलं. पर्समधून गाडीची किल्ली काढली. "भाऊजी, ओजूला सोमवारी घाटात जायचंय. गाडी कराल?"

त्यांनी किल्ली घेतली. आकडा सात पॉइंट दोन की चार पॉइंट एक, किल्ली देताना ते माझ्या मनातही आलं नाही. "काय काय त्रास आहे ते बघतो. अकरा वर्षं उभी गाडी. ब्रेकच्या नळ्या, टाकीतला गंज. जे चांगलं असेल त्याला हात लावणार नाही. पण सोमवारी होणार नाही."

"कधी होईल?"

"आत्ता सांगत नाही."

"मग सोमवारी ती जाईल कशी?"

"एसटीनं," ते म्हणाले, किल्ली खिशात टाकली आणि नमाजाला निघून गेले.

सोमवारी ओजू एसटीनं गेली.